गोल्फमधला लॅग हाताला कसा कळतो: ओल्या पंच्यापासून सेव्हन आयर्नपर्यंत

सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या अंतरासाठीच्या गोल्फच्या काठीने (क्लबने), जीव खाऊन मारायचं आणि बॉल कसाबसा ९० यार्ड जायचा, ही माझी पहिल्या दोन वर्षांची कहाणी. चाळिशी जवळ आल्यावर गोल्फ सुरू केलं, त्याआधी काय खेळले असेन तर बिल्डिंगच्या आवारात भावांबरोबर क्रिकेट, तेही नवव्या नंबरला बॅटिंग. तर एकदा मागे उभे असलेले कॅडीकाका, जे तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा उचलतायत आणि ज्यांचा स्वतःचा स्विंग बघून मेंबर लोकांनी लाजावं, ते हळूच म्हणाले, "ताई, काठी तुमच्या मागून आली पाहिजे. तुमची काठी तुमच्या आधीच पळते." बस, एवढंच. नंतर लॅगवर ढीगभर व्हिडिओ बघितले पण त्यात ह्यापेक्षा जास्त काही मिळालं नाही, फक्त हे वाक्य डोक्यातून हातात उतरायला मला दीडेक वर्ष लागलं. ते कसं उतरलं तेवढंच इथे लिहितेय. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने आहे, डावखुऱ्यांनी उलट करून घ्या, तुम्हाला त्याची सवय असेलच.

लॅग म्हणजे काय आणि लोक कुठे फसतात

डाऊनस्विंगमधे हात खाली येत असतात आणि क्लबचं डोकं त्यांच्या मागे रेंगाळत असतं. डावा हात आणि शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, ह्यांच्यातला कोन बराच वेळ टिकतो आणि अगदी शेवटी, बॉलजवळ, सुटतो. हे मागे रेंगाळणं म्हणजे लॅग. आता फोटोत दिसतो तो कोन, त्यामुळे सगळे कोनाच्या मागे लागतात. स्पेनचा गोल्फर सर्जिओ गार्सियाचा डाऊनस्विंगचा फोटो बघा, हात कंबरेपर्यंत आलेत आणि क्लब अजून वरच, मागे लटकतोय. आपण म्हणतो वा, मग आरशासमोर उभं राहून तसाच कोन करतो, मनगट आवळून धरतो, आणि बॉल जातो उजवीकडे झाडीत.

खरी गोष्ट अशी की कोन धरायचा नसतोच. सेव्हन आयर्नच्या डोक्याचं वजन २७० ग्रॅमच्या आसपास असतं, ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं, २०० च्या आसपास. बॉल जेमतेम ४६ ग्रॅमचा. लांब दांड्याच्या टोकाला असं वजन असलं की तुम्ही दांडा ओढायला लागल्यावर ते टोक आळशासारखं मागे राहतं आणि दांडा तुमच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटावर, दाबला जातो. तो जो दाब आहे ना, तोच लॅगचा फील. कोन म्हणजे फक्त त्याची बाहेरून दिसणारी सावली. पूर्ण डाऊनस्विंग साधारण पाव सेकंदात संपतो, तेवढ्यात "आता धर, आता सोड" असं ठरवायला कोणालाच वेळ नसतो, त्यामुळे सोडण्याचं काम क्लबला करू द्यायचं, आपण फक्त ओढत राहायचं.

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभे राहून धोबीघाट बघा. मी अनेकदा मुद्दाम थांबले आहे, लोक टुरिस्ट समजतात, समजू देत. धोबी ओला कपडा खांद्यावरून मागे टाकतो, मग कंबर वळते, मग खांदा, मग हात, आणि कपड्याचं टोक सगळ्यात शेवटी येऊन दगडावर आपटतं. तो वरूनच मनगट झटकत नाही, झटकलं तर कपडा हवेतच ढिला पडेल. आपण नवशिके नेमकं तेच करतो, वरूनच मनगट उघडतो, गळ टाकल्यासारखं. म्हणून तर ह्या चुकीला इंग्रजीत कास्टिंगच म्हणतात.

आणि मुंबईत वाढलेल्या माणसाला अजून एक रोग असतो तो म्हणजे क्रिकेट. बॉल दिसला की उजवा हात, आपला बॉटम हँड, पुढे घुसतो आणि बॉल उचलायला बघतो. गल्लीत त्याने सिक्स जाते, इथे मात्र क्लबचं डोकं हातांच्या पुढे निघून जातं, डावं मनगट मागे मोडतं, आणि एकतर बॉलच्या मागची जमीन लागते नाहीतर बॉलचं टाळकं.

आधी पकड, आणि घामाचं काय करायचं

ही पायरी सगळे उडवतात म्हणून जरा रेंगाळते इथे. डाव्या हातात ग्रिप तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी तिरकी बसली पाहिजे, करंगळीकडची तीन बोटं घट्ट, बाकी हात सैल. उजव्या हाताचं पहिलं बोट बाकीच्या बोटांपासून किंचित सुटं ठेवा, पिस्तुलाच्या चापावर असतं तसं, आणि त्या बोटाचं मुळाकडचं पेर दांड्याच्या मागच्या बाजूला टेकलंय ना ते बघा. हेच पेर आपला मीटर आहे. पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे, बोट जर वरून गुंडाळलेलं असेल तर काहीही केलंत तरी कळणार नाही.

पकड किती घट्ट? पूर्ण ताकद १० धरली तर ४. मनगटं सैल नसतील तर क्लब मागे राहणारच नाही, सगळं एक लाकूड होऊन खाली येईल.

आता आपल्या हवेत ४ वर पकडणं सोपं नाही हे मला मान्य आहे. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमधे सकाळी आठलाच हात चिंब होतात, क्लब सटकेल ह्या भीतीने माणूस आपोआप आवळतो, आणि आवळलं की लॅग गेला. माझे तीन-चार महिने निव्वळ घामात गेले असं म्हटलं तरी चालेल, मला वाटायचं टेक्निक चुकतंय. उपाय साधे आहेत. दोन ग्लोव्ह ठेवा आणि दर दहा-बारा बॉलला बदला, ओला झालेला बॅगच्या बाहेर लटकवा, आत कोंबलात तर दुसऱ्या दिवशी पापड होतो. ग्रिप महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा, हाताचं तेल आणि सनस्क्रीन बसून त्या बुळबुळीत होतात. घासूनही चकाकत असतील तर बदलून घ्या, नवीन क्लबच्या मानाने खर्च काहीच नाही आणि फरक मोठा पडतो.

बोटाला ओळख करून द्या: दाराची चौकट

जुना एखादा आयर्न घ्या, नवा नको. डोक्यावर जाड मोजा चढवा, नाहीतर चौकटीचा रंग जाईल आणि घरात दुसरंच काहीतरी सुरू होईल. बॉल मारतानाच्या पोझिशनमधे उभे राहा, म्हणजे हात डाव्या मांडीसमोर, वजन जास्त करून डाव्या पायावर, डावं मनगट सपाट, कंबर थोडी टार्गेटकडे उघडलेली. क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, चौकटीच्या खालच्या भागाला टेकवा. आता हाताने ढकलू नका, कंबर आणि पोट टार्गेटकडे वळवत हळूहळू जोर वाढवा. दहा सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा.

कुठे दाब येतोय बघा. उजव्या पहिल्या बोटाच्या त्या पेरावर आला तर बरोबर. उजव्या तळव्याच्या बुंध्याशी आला किंवा डावं मनगट मागे दुमडायला लागलं तर तुम्ही बॉटम हँडने ढकलताय. मला पहिल्या आठवड्यात सगळा दाब अंगठ्यावर यायचा, पकडच चुकीची होती, मागे जाऊन पकड बदलली. शाफ्ट वाकेपर्यंत जोर लावायचा नाही, इथे ताकदीचं काम नाहीये, बोटाला एक पत्ता सांगायचाय फक्त.

ओला पंचा

माझ्या मते सगळ्यात भारी सराव हाच आणि ह्याला पैसे लागत नाहीत. अंघोळीचा पंचा घ्या, एका टोकाला मोठी गाठ मारा, ती गाठ ओली करून पिळा. दुसरं टोक क्लबसारखं दोन्ही हातांत धरा. बाजारात दोरीसारखे, लवचिक शाफ्टचे असले बरेच ट्रेनर मिळतात, मी एक घेऊन बसले आणि तो आता कपाटामागे आहे, पंचा अजून चालू आहे.

हळू मागे न्या. गाठ उजव्या खांद्यावरून मागे जाऊन पाठीवर टेकेपर्यंत थांबा, खरंच टेकू द्या, थप्प असं कळलं पाहिजे. मग हात हलवायच्या आधी डावी टाच जमिनीत दाबा, कंबर वळू दे, आणि हात तिच्या मागोमाग येऊ देत. बरोबर झालं तर पंचा पूर्ण वेळ ताठ राहतो, हातात एक ओढ जाणवते, आणि गाठ पायांच्या पुढे, डावीकडे गेल्यावर सट्कन निघते. घाई केलीत, म्हणजे गाठ पाठीवर टेकायच्या आधीच हात खाली खेचले, तर पंचा मधेच लुळा पडतो आणि तुमच्याच दंडाला गुंडाळतो. पंचा खोटं बोलत नाही. क्लबचा शाफ्ट कडक असतो त्यामुळे वरून झटकलं तरी तो सरळच दिसतो, चूक लपते, इथे लपत नाही.

रोज वीस वेळा, सगळे हळू. हॉलमधे करताना आधी पंखा बंद करा आणि वर बघा, आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटची छतं साडेनऊ-दहा फुटांची, पंचा वर गेला की पातं दूर नसतं. गच्ची मिळाली तर उत्तम. पहिल्या दिवशी आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "हे काय, अंगात आलं का?" तिला सांगितलं गोल्फ आहे, तर म्हणे मग धुणं पण आपटून घे ना. गंमत म्हणजे ती आपटायची तेव्हा तिचा लॅग माझ्यापेक्षा चांगला होता!

पंचा जमला की दोन दिवस खराट्याने करून बघा, हिरांचा मोठा झाडायचा खराटा, बुंध्याकडे धरून हिरांचं टोक क्लबहेड समजायचं. हवा हिरांना अडवते, टोक मागे खेचलं जातं आणि उजव्या बोटावरचा दाब एकदम ठसठशीत येतो. सोसायटीचा वापरणार असाल तर सफाईवाल्या काकांना विचारून घ्या आणि त्यांच्या वेळेत परत करा. खराटा नसेल तर लांब दांड्याची काळी छत्री, बटण काढून घड्या जरा मोकळ्या सोडलेली, पण काड्या मोडल्या तर मला बोलू नका.

क्लब उलटा धरून आवाज ऐका

ह्यात बोटाऐवजी कानाला काम. क्लब उलटा करून डोक्याजवळ शाफ्टला धरा आणि हवेत पूर्ण स्विंग करा. दांडा वेगात गेला की हूश असा आवाज येतो. तो कुठे येतोय ऐका. उजव्या खांद्यापाशी किंवा उजव्या पायाच्या आधी आला म्हणजे वेग वरच खर्च झाला. जिथे बॉल असेल तिथे किंवा त्याच्या थोडं डावीकडे आला पाहिजे. आवाज पुढे ढकलायचा म्हणून हात आवळू नका, उलट सुरुवात आळसाने करा. हे सकाळी सहाच्या आत करा, त्यानंतर मुंबईत हूश ऐकू येत नाही, बेस्टची बस ऐकू येते.

इथे एक आठवलं म्हणून सांगते. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे, आणि त्याच्या शेजारच्या वस्तीतली पोरं, बरीचशी कॅडीच, लोखंडी सळई वाकवून क्लब करतात आणि गल्लीबोळात प्लास्टिकच्या बॉलने खेळतात. बारीक सळईला वरून झटका दिला की ती थरथरते आणि बॉल कुठेही जातो, म्हणून ती पोरं आपोआप सळईला वेळ द्यायला शिकतात. आमचे काका पण तसेच शिकले. लॅग हा शब्द त्यांनी कधी वापरल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता क्लब हातात, बॉल अजून नाही

आधी एकदम स्लो मोशन. एक स्विंग दहा सेकंदांचा, खरंच घड्याळ लावून. वर गेल्यावर थांबा, मग क्रमाने: डावा पाय दाबला, कंबर वळली, छाती आली, हात आले, क्लब आला. एवढ्या हळू वेगात क्लब मागे राहण्याचा दाब अर्थातच कमी असतो, पण क्रम पक्का होतो आणि क्रम चुकला तर पुढचं सगळं फुकट. बहुतेकांचं बिघडतं ते वरून खाली वळताना, त्या एका क्षणात, खांदे आणि उजवा हात आधी उडी मारतात.

क्रम बसला की पंप करा. क्लब वर न्या, डाव्या पायाने सुरुवात करून हात खिशापर्यंत खाली आणा, क्लब अजून मागेच, थांबा, पुन्हा वर. असं दोनदा, तिसऱ्यांदा थांबू नका, सोडून द्या. प्रत्येक वेळी खिशापाशी आल्यावर स्वतःला विचारा, बोटावर वजन आहे का? नसेल तर क्लब पुढे निघून गेलाय.

तालासाठी मी आजीची युक्ती वापरते. "रामकृष्ण" म्हणत क्लब वर, आणि "हरी"ला खाली. वर जायला जेवढा वेळ त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात खाली येणं असं चांगल्या खेळाडूंमधे दिसतं, आणि रामकृष्णहरी त्यात बरोब्बर बसतं. मोठ्याने म्हणायची गरज नाही. मी एकदा रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, म्हटलं, बाजूच्या बे मधल्या गृहस्थांनी हात जोडले.

रेंजवर

आपल्याकडे जागेचा प्रश्न आहेच. विलिंग्डन १९१८ पासून आहे, चेंबूरचं सांगितलंच, दोन्हीकडे आत जायला मेंबर किंवा मेंबरचा पाहुणा असावं लागतं. बाहेरच्या माणसाला सिडकोचं खारघर व्हॅली आहे, डोंगराच्या पायथ्याशी, पैसे भरून खेळता येतं. पण ठाणे-बोरिवलीहून तिथे जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, म्हणून घरचा भाग एवढा लांबवून सांगितला, रेंजवरचे बॉल मोजून मिळतात.

पहिले वीस बॉल वेजने, म्हणजे जवळच्या अंतराच्या क्लबने, आणि फक्त अर्धा स्विंग, घड्याळात नऊपासून तीनपर्यंत. बॉल ३०-४० यार्ड गेला तरी खूप झालं. प्रत्येक बॉलआधी एकदा पंपची रिहर्सल, मग एक शॉट. सटासट पंधरा बॉल मारायचे आणि ट्रे रिकामा करायचा, ह्यात हात काही शिकत नाहीत, नुसता व्यायाम होतो. शॉट संपला की बॉल कुठे गेला ते बघायच्या आधी ठरवा, बोटावर दाब कुठपर्यंत होता? खांद्यापर्यंत, खिशापर्यंत, की बॉलपर्यंत? मी वहीत ख, खि, ब असं लिहायचे. पहिल्या रेंजला वीसपैकी अठरा ख होते.

मॅटबद्दल सावध राहा. मॅटवर क्लब बॉलच्या मागे पडला तरी घसरून पुढे जातो, बॉल उडतो, आणि आपल्याला वाटतं मस्त लागला. गवतावर तोच शॉट मातीत रुततो. म्हणून बॉलच्या मागे अर्धी वीत सोडून नॅपकिनची घडी ठेवा. लॅग असेल तर क्लब वरून उतरत येतो, नॅपकिनला न लागता आधी बॉल मग मॅट असं लागतं. कास्ट केलंत की नॅपकिन उडून पुढच्या माणसाच्या पायात. गवताची रेंज किंवा सरावाचा बंकर मिळाला तर वाळूत रेघ ओढा आणि बॉल न ठेवता स्विंग करा, वाळू रेघेच्या डावीकडून, टार्गेटच्या बाजूने उडाली पाहिजे. प्रो लोकांचा आयर्नचा खळगा बॉलच्या पुढे असतो तो ह्यामुळेच.

त्यानंतर नाइन आयर्न, मग सेव्हन. वेग आधी अर्धा, मग साठ टक्के, सत्तर, ऐंशी. ज्या वेगाला बोटावरचा दाब नाहीसा झाला तिथून एक पायरी मागे या आणि तिथेच आठवडाभर राहा. मी साठवर तीन आठवडे अडकले होते. आणि मजा अशी की साठ टक्क्यांचा बॉल माझ्या जुन्या शंभर टक्क्यांच्या बॉलच्या पुढे पडायला लागला, तेव्हा पहिल्यांदा खरी खात्री पटली.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, महिन्या-दीड महिन्याने. तिथे बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो, क्लब बॉलकडे वर चढत आला तर बरं असतं, त्यामुळे हात पुढे झुकवून आयर्नसारखं दाबत मारायचं नाही. दाबाचा फील तोच, बॉल डाव्या टाचेसमोर.

अधूनमधून फक्त उजव्या हाताने दहा-पंधरा यार्डांचे छोटे चिप मारा, डावा हात पाठीमागे. बॉटम हँडला शिस्त लागते. दहा बॉल पुरे, जास्त केलेत तर मनगट बोलायला लागतं.

फोन काय दाखवेल

स्लो मोशन लावा, २४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो. फोन तुमच्यासमोर, छातीकडून, हातांच्या उंचीवर, बॅगला टेकवून. दोनच जागा बघा. खाली येताना डावा हात जमिनीला समांतर असतो तिथे शाफ्टचा कोन काटकोनाच्या जवळपास असला तर छान, थोडा जास्त उघडा असला तरी रडू नका. दुसरी जागा बॉल लागण्याच्या क्षणाची: हात बॉलच्या किंचित पुढे, शाफ्ट टार्गेटकडे झुकलेला, डावं मनगट सपाट. बाकी काही बघू नका, आपलं पोट तर अजिबात नको. आणि आठवड्यातून एकदाच शूट करा, दर शॉटनंतर फोनकडे धावलात तर बोटाचं ऐकणं बंद होतं.

लॅग जास्त झाला तर

होतं असंही. मी सुरुवातीला एका कोचकडे गेले होते, ते प्रत्येक शॉटला "अजून धरा, अजून धरा" म्हणायचे. मी धरत गेले. फेस बंद व्हायला वेळच मिळेना, बॉल उजवीकडे, मधेच शँक (बॉल फेसऐवजी दांड्याच्या जोडाला लागून आडवा जाणं), आणि दाबून मॅटवर आपटल्यामुळे कोपराची आतली बाजू दुखायला लागली. गोल्फर्स एल्बो. सहा आठवडे क्लबला हात नाही, चहाचं पातेलं उचलताना पण कळ यायची. म्हणून सांगते, बॉल उजवीकडे आणि बुटका जायला लागला की तुम्ही कोन धरताय. औषध म्हणजे परत पंचा, कारण पंचा धरून ठेवताच येत नाही, तो सुटतोच. दुखणं दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर सराव थांबवून डॉक्टरला दाखवा, "गरम पाण्याने शेकते" करत बसू नका, मी बसले होते.

आणि किती लॅग हवा ह्याचंही भान असू द्या. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकला चौथी आली, एका स्ट्रोकने मेडल हुकलं, आणि त्या मैदानातल्या सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांमधे ती होती. तिने ते पटिंगवर, म्हणजे होलजवळच्या हळू मारण्यावर, खेचलं. तेव्हा सगळा वेळ इथेच घालवू नका, शनिवारचा अर्धा तास पटरला द्या.

माझं वेळापत्रक असं होतं: सोमवार ते शुक्रवार रोज दहा मिनिटं, त्यात चौकट पाच वेळा, पंचा वीस, पंप दहा. शनिवारी रेंज, साठ बॉल, त्यातले चाळीस अर्ध्या स्विंगचे. रविवारी सुट्टी. असे आठ आठवडे. सुरुवात जूनमधे केली हे बरं झालं, पावसाळ्यात तसंही कोर्सवर चिखल, बाहेर पडणं होत नाही, घरात पंचे तर वाळत नसतातच, ओला पंचा शोधावा लागत नाही. ऑक्टोबरमधे परत गेले तेव्हा सेव्हन आयर्न ११५ च्या आसपास जायला लागलं होतं, तेही जीव न खाता.

कोर्सवर खेळताना मात्र ह्यातलं काही आठवायचं नाही. बॉलमागे उभं राहून क्लब जरा हलवा, बोटावर वजन आलं का बघा, आणि मारा. तरीही सातव्या-आठव्या होलपर्यंत दमल्यावर फील हरवतो, माझा हमखास हरवतो. स्पर्धा असेल तर राउंड चालू असताना सरावाची साधनं वापरता येत नाहीत, पण नुसता मैत्रिणींबरोबर खेळत असाल तर बॅगेतला नॅपकिन काढा, पाण्याच्या बाटलीने एक टोक भिजवा, गाठ मारा आणि दोनदा फिरवा. काका बाजूला सरकून उभे राहतात आणि म्हणतात, "ताई, पाणी जरा तिकडे उडवा, आज धुतलेला शर्ट आहे."